शरदातला युरोप, दोघांसाठी : व्हिएन्ना ते व्हेनिस, बारा रात्रींचा मधुचंद्र कसा आखावा

वैशाखात लग्न होतं. साठवलेली रजा लग्नाच्या धावपळीतच संपते. मग पाऊस, मग श्रावणातली पहिली मंगळागौर, मग गौरी-गणपती. ‘आता दिवाळीनंतर बघू’ म्हणता म्हणता मधुचंद्र राहूनच जातो. आमचंही तसंच चाललं होतं. शेवटी अनंत चतुर्दशी आणि दिवाळी यांच्या मधल्या दिवसांत आम्ही बारा रात्रींसाठी युरोपात जाऊन आलो. तेव्हापासून जे जोडपं विचारतं त्याला मी मनापासून सांगते, जमत असेल तर शरदातच जा.

इकडे ऑक्टोबरच्या उन्हाने अंगाची काहिली होत असते, तेव्हा व्हिएन्नात दुपारी १५ अंशांच्या आसपास आणि पहाटे ७-८ अंश असतात. व्हेनिस दोन-तीन अंशांनी उबदार. तिथल्या शाळा सुरू झालेल्या असतात, त्यामुळे जुलै-ऑगस्टची गर्दी ओसरलेली असते. द्राक्षमळे पिवळे पडलेले, बाजारात भोपळे, अळंबी आणि चेस्टनटचे ढीग. दोघांनी एका शालीत बसावं असा गारवा असतो, आणि बर्फाचा त्रास मात्र नसतो.

एक गोष्ट आधीच पक्की लक्षात घ्या. शरदातला दिवस लहान असतो. उन्हाळ्यात तिकडे रात्री नऊपर्यंत उजेड असतो. ऑक्टोबरच्या मध्यावर व्हिएन्नात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, आणि मग पाच वाजायच्या आत अंधार. त्यामुळे ‘दहा दिवसांत सात देश’ हा कार्यक्रम या दिवसांत बसमध्येच संपतो. उजेड कमी, म्हणून ठिकाणं कमी. खाली जे सांगितलं आहे ते सगळं याच हिशोबाने.

आधी पंचांग, मग तिकिटं

पंचांग आणि रजेचा तक्ता शेजारी ठेवून बसा. गणपती कधी, दिवाळी कधी हे दर वर्षी बदलतं, आणि अधिक महिना आला की सगळंच पुढे सरकतं. पहिला दिवाळसण चुकवून चालत नाही, तेव्हा परतीची तारीख लक्ष्मीपूजनाच्या किमान चार-पाच दिवस आधीची धरा. मधे पितृपक्ष येतो. घरातल्या मोठ्यांना त्या पंधरवड्यात निघणं पटत नसेल तर वाद घालू नका, नवरात्रात निघा. आमच्या सासूबाईंनी स्वतःहून सांगितलं, घटस्थापना करून निघा, माळ मी घालीन. आनंदाने निरोप मिळाला की प्रवास हलका होतो.

तिकडच्या बाजूने पाहिलं तर सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचा तिसरा आठवडा हा सगळ्यांत चांगला काळ. त्यानंतर डोंगरातल्या केबल कार दुरुस्तीसाठी बंद होऊ लागतात, त्या थेट बर्फाच्या मोसमात सुरू होतात. नद्या-सरोवरांतल्या बोटींच्या फेऱ्या कमी होतात. आम्ही एका डोंगराच्या पायथ्याशी पोचलो आणि वर जाणारी गाडी आदल्याच आठवड्यात बंद झाल्याची पाटी वाचली. ज्या ठिकाणी वर जायचं आहे, तिथलं त्या वर्षीचं वेळापत्रक तारखेनिशी पाहिल्याशिवाय तिकडचा मुक्काम पक्का करू नका.

सुट्ट्याही पाहून घ्या. २६ ऑक्टोबर हा ऑस्ट्रियाचा राष्ट्रीय दिन. ३१ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर या स्लोव्हेनियातल्या सुट्ट्या, आणि १ नोव्हेंबरला ऑस्ट्रिया आणि इटलीतही सुट्टी असते. ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनियात रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. दूध, फळं, ब्रेड जे लागेल ते शनिवारी संध्याकाळपर्यंत आणून ठेवायचं.

तीनच मुक्काम

मी सुचवते तो आराखडा असा : व्हिएन्ना पाच रात्री, स्लोव्हेनिया चार रात्री, व्हेनिस तीन रात्री. तिन्हीकडे युरो चालतो, तिन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहेत, आणि मधला प्रवास जमिनीवरून होतो. एक राजधानी, एक सरोवराकाठचं गाव, एक पाण्यातलं शहर. दर मुक्कामाला मन वेगळ्या वेगाने चालतं.

विमानाचं तिकीट मल्टी-सिटी पद्धतीने काढा. जाताना मुंबई-व्हिएन्ना, येताना व्हेनिस-मुंबई. नुसतं ‘रिटर्न’ काढलंत तर शेवटचा अख्खा दिवस व्हिएन्नाला परत येण्यात जाईल. दोन्हीकडे एक थांबा घेऊन जाणारी भरपूर विमानं आहेत. थांबा फ्रँकफर्ट किंवा म्युनिकसारख्या शेंगेनमधल्या विमानतळावर असेल, तर इमिग्रेशन तिथेच होतं. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात प्रवेशाची नोंद नव्या ईईएस यंत्रणेत होऊ लागली आहे. पहिल्या वेळी चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेतले जातात आणि रांग लांबू शकते. दुसऱ्या विमानाला किमान अडीच-तीन तास हाताशी ठेवा.

मुंबईहून निघणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतरची असतात. १४ तारखेला रात्री दोनचं विमान म्हणजे १३ तारखेच्या रात्री घर सोडायचं. ऐकायला सोपं आहे, पण हॉटेल, विमा आणि रजा या तिन्ही ठिकाणी याच एका तारखेचा घोळ होतो. कागदावर तारीख आणि वार दोन्ही लिहा.

व्हिसा : घाई न करता, उशीरही न करता

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि पंधरा दिवस आधी ही शेवटची मुदत. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण ते पंचेचाळीसपर्यंतही जाऊ शकतात. ऑक्टोबरला जायचं तर जुलैमध्ये अर्ज जायला हवा. त्यासाठी अपॉइंटमेंट जूनमध्येच पाहायला लागा, कारण उन्हाळ्यात तारखा पटापट भरतात.

अर्ज कुठल्या देशाचा? जिथे सगळ्यांत जास्त दिवस राहणार त्या देशाचा. दोन देशांत दिवस सारखे असतील तर जिथून पहिला प्रवेश होणार त्याचा. आपल्या आराखड्यात व्हिएन्नाला पाच रात्री आहेत, म्हणून ऑस्ट्रिया. ‘अमुक देशाचा व्हिसा सोपा मिळतो, तिथला भरू’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. आम्हालाही एकाने हाच सल्ला दिला होता. कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरं, असं करून लग्नाचं पहिलं वर्ष सुरू करायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं.

ऑस्ट्रियासह बहुतेक देशांचे अर्ज व्हीएफएस ग्लोबलच्या केंद्रांत घेतले जातात. प्रौढांना जून २०२४ पासून ९० युरो शुल्क आहे, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा, आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांना लागू असणारा आणि पोचण्याच्या दिवसापासून परतीच्या दिवसापर्यंत अखंड.

नव्या जोडप्यांच्या बाबतीत चार गोष्टी हमखास अडतात.

पहिली, नाव. लग्नानंतर नाव बदलायचं की नाही हा तुमचा प्रश्न. पण पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर तिकीट, हॉटेल, विमा आणि व्हिसा सगळं त्याच नावाने करा. प्रवासाच्या तोंडावर नाव बदलायला जाऊ नका, परत आल्यावर सावकाश बदला.

दुसरी, विवाहनोंदणीचा दाखला. लग्न झाल्या झाल्या नोंदणी करून टाका. त्यात इंग्रजी मजकूर नसेल तर प्रमाणित भाषांतर जोडा.

तिसरी, आहेर. लग्नात मिळालेली रोकड एका दमात खात्यात भरली की बँकेच्या उताऱ्यावर अचानक मोठी रक्कम दिसते, आणि व्हिसा देणाऱ्याला तो पैसा उसना आणलेला वाटू शकतो. पगार, नेहमीचा खर्च आणि बचत असा सहा महिन्यांचा सरळ उतारा सगळ्यांत बोलका. आहेर भरायचाच असेल तर सोबतच्या पत्रात एका वाक्यात तसं लिहा. प्रवासाचा खर्च वडील किंवा सासरे करणार असतील तर त्यांचं पत्र, त्यांचा बँक उतारा आणि आयकर विवरणपत्र जोडा.

चौथी, मेंदी. ठसे घेताना बोटांची टोकं स्वच्छ लागतात. घरात दुसऱ्या कुणाचं लग्न असेल आणि हातभर मेंदी काढणार असाल, तर ती अपॉइंटमेंटनंतर.

बाकी नेहमीचंच : पगारपत्रकं, रजा मंजुरीचं पत्र, विवरणपत्रं, व्यवसाय असेल तर त्याची नोंदणी, रोजचा कार्यक्रम आणि सोबतचं पत्र. पत्र एका पानाचं, साध्या भाषेत. कधी लग्न झालं, कुठे किती रात्री राहणार, खर्च कोण करणार, परत येऊन कामावर कधी रुजू होणार, एवढं पुरे. हॉटेलं रद्द करता येतील अशीच नोंदवा.

पैशाबद्दल थोडक्यात

एक फॉरेक्स कार्ड, एक क्रेडिट कार्ड आणि तीनशे-चारशे युरो रोख, तेही दोघांत वाटून. दुकानदाराच्या मशीनवर ‘रुपयांत देणार की युरोत’ असं विचारलं तर नेहमी युरो निवडा, रुपये निवडले की वाईट दराने कापतात. टूर कंपनीकडून पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला जातो. तो विवरणपत्रात वजा करून घेता येतो, प्रमाणपत्र जपून ठेवा. ऑस्ट्रियन रेल्वेची स्वस्त तिकिटं आधी काढणाऱ्याला मिळतात, म्हणून व्हिसा हातात पडला की त्याच दिवशी गाड्यांची तिकिटं काढून टाका.

सामान

एकच जाडजूड कोट नेऊ नका. सकाळी सात अंश, दुपारी ऊन, संध्याकाळी वारा. आतून पातळ थर्मल, वर लोकरी स्वेटर, त्यावर पाऊस-वारा अडवणारं जॅकेट, असे तीन थर घातले की हवे तसे काढता-घालता येतात. बूट पाणी न शिरणारे आणि घरी महिनाभर वापरून मऊ झालेले हवेत. छत्री छोटी. आईची जुनी पश्मिना शाल मात्र जरूर घ्या, विमानात, बोटीत आणि फोटोत तिन्हीकडे कामाला आली.

हिरवा चुडा अजून हातात असेल तर जॅकेटच्या घट्ट बाह्यांत काचेच्या बांगड्या पिचतात. मी दोन दोन ठेवल्या आणि बाकीच्या देवापाशी ठेवून निघाले.

खाण्याचं सामान नेताना एक नियम कटाक्षाने पाळा. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, तूप, खव्याच्या पोळ्या घरीच. भडंग, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, गूळ-दाण्याच्या वड्या चालतात. केशर, वेलची आणि जायफळाची छोटी पुडीही घ्या, ती कशाला ते पुढे सांगते.

दोन बारीक गोल पिनांचा प्लग तिन्ही देशांत बसतो. आपला जाड तीन पिनांचा बसत नाही.

व्हिएन्ना : पाच रात्री

विमानतळावरून रेल्वेने मुख्य स्टेशन पंधरा-वीस मिनिटांवर. राहायला मुख्य स्टेशनाजवळचा चौथा विभाग किंवा सातवा विभाग बघा. अगदी मध्यवर्ती पहिल्या विभागापेक्षा भाडं कमी आणि मेट्रो दारात.

पहिल्या दिवशी काही ‘पाहायला’ जाऊ नका. एखाद्या जुन्या कॉफीघरात बसा. मेलांज मागवा, चांदीच्या छोट्या ताटलीतून कॉफी येते आणि सोबत पाण्याचा पेला, वर पालथा चमचा. ते पाणी आल्प्सच्या झऱ्यांचं आहे, १८७३ पासून नळाने शहरात येतं. कॉफी एक घ्या आणि दोन तास बसा, कोणी उठवत नाही. लग्नाच्या गोंधळात आम्हाला एकमेकांशी सलग तासभर बोलायलाही मिळालं नव्हतं. ते तिथे मिळालं.

पाच दिवसांत शोनब्रुन राजवाडा आणि त्यामागच्या बागेतून ग्लोरिएटपर्यंतची चढण, बेल्व्हेडेरमधलं क्लिम्टचं ‘चुंबन’ आणि ऑपेराची एक संध्याकाळ एवढं पुष्कळ आहे. ऑपेराचा मोसम सप्टेंबरला सुरू होतो. बसायची तिकिटं महाग असतात, पण उभ्याने पाहायची थोड्या युरोत मिळतात. हात टेकायला कठडा असतो, तिथे रुमाल बांधून आपली जागा राखायची तिथली रीत आहे.

खरा शरद मात्र शहराच्या कडेला आहे. व्हिएन्नाच्या हद्दीत सुमारे सहाशे हेक्टर द्राक्षमळे आहेत. डी ट्रामने शेवटच्या थांब्याला, नुसडॉर्फला, जा आणि तिथून पहिल्या क्रमांकाची पायवाट धरून मळ्यांमधून कालेनबर्गच्या टेकडीकडे चढा. वर पोचायला रमतगमत दोन तास लागतात, उतरायला ३८ए बस आहे. वाटेत किंवा खाली गावात ‘होयरिगर’ लागतात. शेतकऱ्याने आपल्याच मळ्याची वाईन आपल्याच अंगणात विकायची, ही परवानगी सम्राट दुसऱ्या योसेफने १७८४ मध्ये दिली. दारावर पाइनची फांदी टांगलेली असली की समजावं, आज उघडं आहे.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथे ‘श्टुर्म’ मिळतो. द्राक्षाचा रस अर्धा आंबलेला, गढूळ, गोड, जिभेवर चुरचुरणारा. तो अजून आंबतच असतो, त्यामुळे बाटलीचं बूच घट्ट लावत नाहीत. आमच्यासमोर बाईंनी बाटली आणली ती सरळ उभी, बाळाला धरावं तशी, कारण आडवी केली की सगळं सांडणार. चवीला कोवळ्या नीरेची आठवण येते, पण अल्कोहोल चांगलंच असतं. एक पेला पुरे, आणि पिणार नसाल तर साधा द्राक्षरस मिळतो.

एक दिवस वाखाउ खोऱ्यासाठी ठेवा. सकाळी रेल्वेने मेल्क, तिथला पिवळाधमक बरोक मठ, मग डॅन्यूबमधून बोटीने क्रेम्सकडे. दोन्ही तीरांवर दगडी बांधांवरचे द्राक्षमळे सोनेरी झालेले असतात. वाटेत ड्युर्नश्टाइनला डोंगरावर पडका किल्ला दिसतो, इंग्लंडचा राजा रिचर्ड याला ११९२ च्या हिवाळ्यात इथेच कैदेत ठेवलं होतं. बोटी ऑक्टोबर अखेरीपर्यंतच, आणि शेवटी शेवटी दिवसाला फेऱ्या थोड्या. परत रेल्वेने.

शाकाहारी असाल तर भोपळ्याचं सूप, वर काळसर हिरवं भोपळ्याच्या बियांचं तेल. चीज घातलेलं श्पेट्झले, म्हणजे मैद्याच्या जाड शेवया. आणि अॅपल श्ट्रुडेल. सूप कशाच्या पाण्यात शिजवलंय ते विचाराच, भाजीच्या सुपातही मांसाचा रस घालतात. श्पेट्झलेत आणि काइझरश्मार्न या गोड पॅनकेकमध्ये अंडं असतं.

घाटातून दक्षिणेकडे

व्हिएन्नाहून ल्युब्लियानाला सकाळची थेट गाडी घ्या, सुमारे सहा तास. विमानाचा विचारही करू नका, कारण ही गाडी सेमेरिंगच्या घाटातून जाते. १८५४ मध्ये पुरा झालेला हा मार्ग म्हणजे १४ बोगदे आणि १६ दगडी पूल, आणि युनेस्कोने १९९८ मध्ये त्याला जागतिक वारसा ठरवलं. आपला बोरघाट त्यानंतर नऊ वर्षांनी, १८६३ मध्ये सुरू झाला. कर्जत सोडल्यावर खिडकीला नाक लावून बसणाऱ्याला हा मार्ग वेगळा समजावून सांगावा लागत नाही. तीच वळणं, पण झाडी तांबूस-पिवळी. हा मार्ग बांधणारा इंजिनिअर कार्ल फॉन गेगा जन्माने व्हेनिसचा. आपण त्याच्या वाटेवरून त्याच्या गावाकडे निघालेले असतो.

डबे बनवून घ्या. आम्ही मेतकूट लावलेला ब्रेड खाल्ला आणि समोरच्या आजींना शेंगदाण्याची वडी दिली.

स्लोव्हेनिया : एक रात्र ल्युब्लियानात, तीन बोहिन्यात

ल्युब्लियाना चालत फिरायचं गाव आहे. ड्रॅगनचा पूल, नदीकाठची कॅफे, संध्याकाळी दिवे. मुक्काम शुक्रवारी येत असेल आणि पाऊस नसेल, तर बाजाराच्या चौकात ‘ओद्प्र्ता कुह्ना’ म्हणजे उघडं स्वयंपाकघर भरतं, ऑक्टोबरपर्यंत. पनीरासारख्या ताज्या चीजचे उकडलेले श्ट्रुक्ली तिथे खा.

पुढे सगळे ब्लेड सरोवराकाठी राहतात. मी सांगेन, ब्लेड पाहा, राहा बोहिन्यात. बसने ब्लेडपासून पाऊण तास, ट्रिग्लाव्ह राष्ट्रीय उद्यानातलं मोठं आणि शांत सरोवर. छोट्या स्वयंपाकघराची खोली घ्या. सकाळी सरोवरावर धुकं बसलेलं असतं, दहा-साडेदहापर्यंत पलीकडचा काठ दिसत नाही. घाई करून बाहेर पडण्यात अर्थ नाही. चहा करा, खिडकीत बसा, धुकं उठताना डोंगर कसे एकेक करून येतात ते बघा. मग साविचा धबधब्याची पाचशेहून जास्त पायऱ्यांची वाट, किंवा नुसती सरोवराकाठची पायवाट.

सप्टेंबरमध्ये गेलात तर इथे गाईंचा उत्सव होतो. उन्हाळाभर वरच्या कुरणांत चरलेल्या गाई फुलांनी सजवून, गळ्यात मोठमोठ्या घंटा बांधून खाली गावात आणतात. पोळ्याला बैल सजवणाऱ्या गावातून आलेल्या माणसाला त्यांच्या गुराख्याचा चेहरा लगेच ओळखीचा वाटतो.

ब्लेडला अर्धा-पाऊण दिवस द्या. सरोवराभोवतीची फेरी सहा किलोमीटर. ‘प्लेत्ना’ नावाच्या वल्ह्याच्या होडीने बेटावर जायचं. बेटावरच्या चर्चला ९९ पायऱ्या आहेत, आणि नवऱ्याने नवरीला उचलून त्या चढायच्या, तिने तोवर एक शब्द बोलायचा नाही, अशी तिथली लग्नातली रीत आहे. आम्ही पायऱ्या हात धरून चढलो, अगदी गप्प. वर घंटेचा दोर दोघांनी मिळून ओढला. परतल्यावर क्रेम्ना रेझिना खा, दोन कुरकुरीत थरांमध्ये कस्टर्ड आणि क्रीम. तिथल्या हॉटेलात १९५३ पासून हीच पद्धत आहे. अंडं चालत नसेल तर मात्र नको.

आता ती केशराची पुडी. अनंत चतुर्दशी आणि दिवाळीच्या मधे कोजागिरी येतेच. ती रात्र बोहिन्यात येईल असं जमवा. दुकानातून लिटरभर दूध आणलं, खोलीतल्या छोट्या पातेल्यात आटवलं, वेलची-जायफळ-केशर घातलं, आणि पेले शालीत गुंडाळून काठावर गेलो. ढग होते. वीस मिनिटं काही दिसलं नाही. मग डोंगराच्या खांद्यावर ढग फाटला आणि चंद्र पाण्यात उतरला, जेमतेम पाच मिनिटं. दुधाचा नैवेद्य तेवढ्यात दाखवून घेतला. थंडी अशी की दुधावर साय धरायच्या आत पेला गार.

व्हेनिस : तीन रात्री

ल्युब्लियानाहून बस चार तासांत पोचवते. स्वस्त पडतं म्हणून मेस्त्रेला, म्हणजे पलीकडच्या जमिनीवरच्या भागात, राहू नका. दिवसा येणारे पर्यटक संध्याकाळी परत जातात आणि मग व्हेनिस तिथे राहणाऱ्यांचं असतं. मधुचंद्राला आलेल्यांनी तेच तर पाहायचं. कान्नारेजो किंवा दोर्सोदुरो भागात खोली घ्या, आणि बॅगा ओढत किती पूल चढावे लागतील ते नकाशावर मोजून मग नोंदवा. दिवसापुरतं येणाऱ्यांकडून २०२४ पासून काही ठरावीक दिवशी प्रवेशशुल्क घेतात, पण ते दिवस वसंत-उन्हाळ्यातले. मुक्कामाचा शहरकर मात्र हॉटेलात वेगळा द्यावा लागतो.

ऑक्टोबरपासून समुद्राचं पाणी चढण्याचे दिवस सुरू होतात. १२ नोव्हेंबर २०१९ ला ते १८७ सेंटिमीटरपर्यंत चढलं होतं. ऑक्टोबर २०२० पासून खाडीच्या तोंडावरचे मोझे दरवाजे मोठी भरती अडवतात, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. तरी सान मार्कोचा चौक सखल आहे, तिथे थोडं पाणी येऊ शकतं. सकाळी भरतीचा अंदाज पाहा आणि चौक ओहोटीला ठेवा.

गोंडोलाचा दर महापालिकेने ठरवलेला आहे : दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ११०, आणि तो होडीचा असतो, माणशी नाही. घ्यायची तर सूर्यास्ताआधी, मोठ्या कालव्यात न जाता आतल्या अरुंद कालव्यांत. खर्च नको असेल तर ‘त्रागेत्तो’ शोधा. मोठा कालवा ओलांडून देणारी तशीच होडी, माणशी दोन युरो, दोन मिनिटांची. आम्ही दोन्ही केलं आणि मला त्रागेत्तोच जास्त आठवते, बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बायकांसोबत. एरवी १ क्रमांकाची जलबस, अंधार पडल्यावर, पुढच्या बाहेरच्या बाकावर बसून.

कोकणातली माणसं असाल तर एका सकाळी रियाल्तोचा मासळीबाजार चुकवू नका, फक्त रविवार-सोमवार टाळा. शरदात तिथे ‘मोएके’ येतात, कात टाकलेल्या मऊ कवचाच्या कुर्ल्या, अख्ख्या तळून खातात. शाकाहाऱ्यांसाठी पोलेंटा म्हणजे मक्याच्या पिठाचा सांजा, भोपळ्याची रिझोत्तो म्हणजे मऊ भात, आणि त्रेव्हिझोचं लाल रादिक्यो, ही कडवट पालेभाजी. कडक शाकाहार असेल तर पार्मेझान चीज नको म्हणा, ते प्राणिज रेनेटने, म्हणजे वासराच्या जठरातल्या द्रव्याने, बनतं.

एक दुपार बुरानोला द्या. १२ क्रमांकाची जलबस, पाऊण तास. रंगीत घरं धुक्यात फिकी पडतात आणि जवळ गेलं की एकदम उजळतात.

निघायच्या दिवशी विमानतळाला पाण्यातून जाणारी बोट तासाहून जास्त घेते आणि दाट धुक्यात आणखी सावकाश चालते. विमानाच्या साडेचार तास आधी धक्क्यावर असा. बॅगेत वरच्या बाजूला घरच्यांसाठी घेतलेलं सगळं ठेवा, पण वाईन आणि भोपळ्याच्या तेलाची बाटली चेक-इन बॅगेत, स्वेटरमध्ये गुंडाळून, मधोमध. आमची बाटली तशीच ठाण्यापर्यंत शाबूत आली, आणि दिवाळसणाला आईने ते हिरवं तेल फराळाच्या चिवड्यावर घालून पाहिलं.